कुमुदिनी कासार यांची रजा

आमच्या पळसवडीत कुणाचंही चित्र नीट जमलं की मूळ माणसाला आठ दिवसांची रजा मिळते आणि तेवढे दिवस ते चित्र त्याचं काम करतं. माणूस म्हटलं ते सोयीसाठी. झाडं, विहिरी, वेण नदी आणि गावाच्या पश्चिमेचा बोडका डोंगर यांनाही हाच नियम आहे. नगर परिषदेत त्यासाठी रजा विभाग आहे, जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारच्या खोलीत, आणि तिथे प्रज्ञा निकाळजे, म्हणजे मी, कंत्राटी लिपिक आहे. राज्यशास्त्रात एम.ए. करताना आपण पुढे डोंगराच्या अर्जावर आवक क्रमांक टाकू असं वाटलं नव्हतं. पण डोंगरालाही हक्क असतात, आणि ते वेळेत मिळायला हवेत.

आमच्याकडे फोटो चालत नाही. एकदा घाईच्या दिवसांत चालवून पाहिला होता. पोस्टमन हमीद मुल्ला यांना पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. त्यांचा फोटो काढला तेव्हा ते सायकलवर बसायच्या बेतात होते, एक पाय पेडलवर, दुसरा जमिनीवर. तो फोटो आठ दिवस पोस्टासमोर तसाच उभा राहिला. हसरा होता, पण टपाल जागचं हललं नाही. फोटोला पुढची हालचालच माहीत नव्हती. चित्राचं तसं नसतं. काढणाऱ्याने त्या माणसाला जे जे करताना पाहिलेलं असतं, ते ते सगळं चित्राला येतं. म्हणून काढणाऱ्याला आधी भरपूर बघायला लागतं, आणि गावात एवढं बघणारी एकच बाई आहे, कुमुदिनी कासार.

कुमुदमावशी सत्तरीच्या आहेत. मावशी मी आपली म्हणते, नातं काही नाही. बाजारपेठेतलं त्यांचं बांगड्यांचं दुकान केव्हाच बंद झालं. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्या राहतात आणि काढत असतात. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून बांगड्या रंगांप्रमाणे लावायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे हिरवा म्हटलं की त्या थांबतात आणि कुठला ते विचारतात. पोपटी, शेवाळी, कच्च्या कैरीचा, का लग्नाच्या चुड्याचा. हमीदभाईंचं चित्र पुढच्या वर्षी त्यांनी शाईत केलं. त्या चित्राने सगळं टपाल वाटलं, आणि देशपांड्यांच्या बहिऱ्या आजोबांकडे घंटी न वाजवता खिडकीतून काठी हलवली, जशी हमीदभाई हलवतात.

माणूस ठरला की खरा प्रश्न माध्यमाचा असतो. तो चुकला की गावाला भोगावं लागतं. एका वर्षी मावशींनी नदी तैलरंगात काढली, कारण त्यांना तिच्या डोहाचा काळा रंग तेलातच सापडत होता. आठ दिवस नदी दाटसर वाहिली आणि धुतलेल्या कपड्यांना जवसाच्या तेलाचा वास आला. लोखंडे बाईंना त्यांनी छपाईच्या लिनोच्या ठशावर कोरलं. बाई गणित शिकवतात. छाप उलटा येतो हे लक्षात घेऊनही बाई डावखुऱ्या झाल्या, आणि छाप चांगला आला म्हणून मावशींनी हौसेने पाच काढले. सोमवारी शाळेत पाच लोखंडे बाई हजर झाल्या. पाचवी ते नववी, एकही तास मोकळा मिळाला नाही. मुलांच्या पालकांनी त्यावर लेखी आभार मानले, मुलांनी लेखी तक्रार केली.

फुलं विकणाऱ्या सरूबाईंना फक्त संध्याकाळपर्यंतची रजा हवी होती, म्हणून मावशींनी त्यांना देवळाच्या पायरीवर रांगोळीत काढलं. दुपारी वारा सुटला. सरूबाईंना बहिणीकडचं जेवण अर्ध्यावर टाकून परत यावं लागलं. ग्रामदेवतेसमोरच्या विहिरीला मातीत घडवलं, पिंपळाला जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलं. तो पिंपळ सळसळायचा नाही, फडफडायचा, पण कावळ्यांनी तो मान्य केला. बोडक्या डोंगराला त्यांनी किती प्रकारांनी काढलं हे त्यांनाच आठवत नाही. दर वर्षी त्या नवीन काहीतरी शोधतात. मागे एकदा तो मेणखडूत होता तेव्हा चैत्रात उन्हाने त्याचा माथा थोडा खाली आला होता.

रजेवर कोण कुठे गेलं हे विचारायचं नाही, असा गावचा संकेत आहे. बोडका डोंगर एकदा परत आला तेव्हा त्याच्या पायथ्याच्या घळीत शिंपले होते. समुद्र पळसवडीपासून लांब आहे. गुराख्यांच्या मुलींनी शिंपले वेचून नेले.

मात्र चित्र न ठेवता गाव सोडता येत नाही. तसं कुणी अडवत नाही, पण मागे जागा बुजते. नाभिक बबन सुरवसे असेच एकदा तालुक्याला कीर्तन ऐकायला गेले आणि तीन दिवसांनी आले, तर दुकान होतं तिथे शेजारच्या दोन दुकानांच्या भिंती एकमेकींना टेकल्या होत्या. घरी बायकोने त्यांना पाहुण्यासारखा चहा दिला. आता ते पलीकडच्या गावात असतात. दाढीला तिकडे जावं लागतं. मी कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच यावर सविस्तर टिपण लिहून रजा अधिकारी वाघचौरे साहेबांपुढे ठेवलं, की हे अन्यायाचं आहे. साहेबांनी ते वाचलं, आवडलं म्हणाले, आणि परत दिलं.

“निकाळजे मॅडम, हा नियम परिषदेने केलेला नाही,” ते म्हणाले. “आपण फक्त शिक्का मारतो.”

वाघचौरे साहेब तेवीस वर्षं शिक्का मारताहेत आणि स्वतः कधीही रजेवर गेलेले नाहीत. आपल्या मागे कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं असतं.

या वर्षी मावशींनी कडूनिंबाचं चित्र काढलं आणि त्याला सावली नव्हती. पाराशी बसणारी म्हातारी मंडळी उन्हात बसून राहिली आणि मग विभागात आली. मी चित्र पाहिलं. पानन्‌ पान होतं, पण खाली जमिनीवर जो फिकट जांभळा असायला हवा, तो मावशींना दिसलाच नव्हता. मी त्यांना बळंच तपासायला पाठवलं. शहरातले डोळ्यांचे डॉक्टर गावच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा येतात. त्यांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं, आणि तो पिकत चाललाय, डाव्या डोळ्याला आणखी उशीर केला तर तो हाती लागणार नाही, असंही. ऑपरेशन शहरात. तारीख मिळाली, पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारची.

मावशींचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला अर्ज होता. मी तो घेऊन तशीच साहेबांकडे गेले. साहेबांनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. चित्र कुठे आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चित्र काढणाऱ्या त्याच तर रजेवर जाणार आहेत. साहेब म्हणाले, तेच.

गावात दुसरं कुणी काढणारं नाही. शाळेतली चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी आहे, आणि मावशी असताना आपण कशाला शिकायचं, असं सगळ्यांना वाटत आलेलं आहे. साहेबांनी मावशींना स्वतःचं चित्र करायला सांगितलं. नियमात ते बसतं का यावर थोडी चर्चा झाली, पण तारीख जवळ येत होती. मावशींनी आरसा लावून तैलरंगात स्वतःला काढलं. चित्र हुबेहूब होतं. ते चित्र उठलं, खोलीत आरसा शोधला आणि त्याच्यासमोर जाऊन बसलं. दुसरं काहीही त्याला येत नव्हतं. थोड्या वेळाने त्याने कागद घेऊन स्वतःचं चित्र काढायला सुरुवात केली. ते दुसरं चित्रही आरशाकडे सरकू लागलं तेव्हा साहेबांनी दोन्ही भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावली.

मी म्हटलं, मी काढते.

मला चित्र येत नव्हतं. पण येत नाही म्हणून थांबायचं, या वृत्तीनेच आपल्याकडे सगळं अडून राहतं, असं माझं मत होतं आणि मी ते साहेबांना उभ्यानेच ऐकवलं. मावशी बाकावर बसून ऐकत होत्या.

“भाषण छान आहे,” त्या म्हणाल्या. “आता बस, आणि बघ.”

मी बसले, पण घाईघाईने. पहिलं चित्र मी कोळशात केलं, एका संध्याकाळी. ते उठून उभं राहिलं तेव्हा मला वाटलं जमलं. मग ते म्हणालं, “कडेला हो, उजेड अडवतेस.” मी कडेला झाले. ते पुन्हा म्हणालं, कडेला हो. दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणालं, शिपायाला म्हणालं, दारात आलेल्या शेळीला म्हणालं. मी मावशींकडे नजर उचलून बघायचे ते त्या मला ओरडायच्या तेव्हाच, त्यामुळे चित्राला तेवढंच येत होतं. दुसरं मी जलरंगात केलं, धीराने, चार दिवस लावून. ते फक्त चहा पितं. मावशींना मी मनापासून पाहिलेलं ते चहाच्या वेळी, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते चित्र अजून विभागात आहे. स्वभावाने चांगलं आहे. बशीत ओतून पितं, आणि कुणी कंटाळलेलं दिसलं की कप पुढे सरकवतं.

तारीख जवळ आली आणि मी चिडले. मावशींवरच चिडले, कारण त्या निवांत होत्या. मी गेले तर खिडकीत बसून त्या पलीकडच्या भिंतीवरच्या शेवाळाकडे बघत होत्या. दिसतंय का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, धुक्यातून दिसतंय, पण धुकंही बरं आहे, ते कशात पकडता येईल याचा विचार चाललाय, बहुतेक खडूची पूड बोटाने पसरून.

मी म्हटलं, “मावशी, डोळे चाललेत तुमचे.”

“हो ना,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर घाई आहे.”

मग मी त्यांना सगळं सुनावलं. की गावाने तुमच्याकडून उभा जन्म रजा घेतल्या आणि कुणालाही साधं वाटलं नाही की या बाईला काढायला शिकावं. की उद्या जागा बुजली तर हेच लोक तुमच्या दुकानाच्या जागी भिंत बघतील आणि पुढे जातील. की मी सत्याग्रहाला बसणार आहे, परिषदेच्या दारात. मावशींनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग एक गोष्ट विचारली. “मी चित्र काढत असते तेव्हा तू कुठे उभी असतेस?”

मी विचार केला. मागे. मी त्यांच्या मागे उभी असते. सगळेच मागे उभे असतात. बाजारात त्या काढायला बसल्या की पाठीमागे माणसांचा घोळका जमतो आणि सगळे कागदाकडे बघतात. त्यांचा चेहरा तेव्हा कसा असतो हे कुणालाही माहीत नाही.

“समोर जो असतो त्यालाच मी दिसते,” त्या म्हणाल्या. “आणि तो दुसऱ्या दिवशी रजेवर जातो. डोंगराने मला सगळ्यात जास्त बघितलंय. पण त्याच्या हातात ब्रश कसा देणार?”

तेव्हा ठरलं, की त्यांनी मला काढायचं आणि मी त्यांना, समोरासमोर बसून, एकाच वेळी. मला आजवर कुणी काढलेलं नव्हतं. कंत्राटी कर्मचाऱ्यांना रजा नसते म्हणून मी कधी बसले नव्हते, आणि त्याविरुद्ध माझं निवेदन दिलेलं आहे. वाघचौरे साहेबांनी ही बाब डोळ्यांच्या कारणास्तव विशेष म्हणून मान्य केली.

माध्यम मावशींनी ठरवलं. स्वतःसाठी त्यांनी साधी पेन्सिल घेतली. रंग आता फसवतात, पण रेघ अजून हाताला कळते, असं त्या म्हणाल्या. मला त्यांनी कोळसा दिला नाही, जलरंग दिला नाही. दुकानातून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात फुटलेल्या बांगड्या होत्या, वडिलांच्या काळापासून साठवलेल्या. अंगणात ओल्या मातीचा एक उंच फळा त्यांनी थापून ठेवला होता.

“एकेक तुकडा दाब,” त्या म्हणाल्या. “यात तुला घाई करता येणार नाही. केलीस तर बोट कापेल.”

पहिल्या दिवशी माझी दोन बोटं कापली. दुसऱ्या दिवशी कापली नाहीत.

मावशी काढायला लागल्या आणि मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्या आधी बराच वेळ काहीच करत नाहीत. ओठ थोडे पुढे येतात, जसं लहान बाळाला घास भरवताना आईचे येतात. मग मान डावीकडे कलते. मग डोळे बारीक होतात, आणि त्या वेळी समोरच्याला असं वाटतं की आपल्यात काहीतरी बघण्यासारखं आहे आणि ते सापडलं आहे. रेघ काढताना त्या श्वास धरतात. रेघ संपली की सोडतात. चुकली तर स्वतःशी हसतात, खोडत नाहीत, शेजारी दुसरी काढतात. हे सगळं मी तुकड्या-तुकड्याने मातीत दाबत गेले. पदराला जांभळ्या काचा, केसांना दुधी. हाताच्या शिरा फिरोजी रंगाने केल्या, कारण त्या तशाच होत्या.

मला गप्प बसता येत नाही, म्हणून मी बोलत होते. विभागातलं, साहेबांचं, फोटोचं, लोखंडे बाईंचं, निवेदनाचं, सगळं त्यांना सांगून झालं. मधेच मी विचारलं की तुम्हाला कंटाळा कसा येत नाही, तोच डोंगर, तीच नदी, तीच माणसं.

“तोच कसा?” त्या म्हणाल्या. हात चालूच होता. “मेणखडूने काढला तेव्हा कळलं, त्याच्या पोटात जांभळा आहे. कोळशाने काढला तेव्हा कळलं, डावा खांदा उतरलाय. कापडात शिवायला घेतला तर कडेचा एक ओढा सापडला, मला माहीतच नव्हता. टाका तिथे वळतच होता. अजून भाताच्या पेजेने काढायचाय, लोकरीत विणायचाय. तुझ्यासारखी माणसं असतातच ना, एका बाजूने चिडकी.”

“आणि दुसऱ्या बाजूने?”

“हलू नकोस. तीच बाजू काढतेय.”

डोळे मी शेवटी ठेवले होते. काळ्या बांगड्यांचे तुकडे संपले होते. डब्याच्या तळाशी चुड्याच्या हिरव्या काचेचे दोन गोल तुकडे होते, स्वच्छ, आरपार दिसणारे. मी ते दाबले. मोतीबिंदू केला नाही. मी मुद्दाम टाळला असं नाही. त्या माझ्याकडे बघत असताना तो मला दिसला नाही.

माती सुकली. चित्र अंगणातून उठलं आणि चालताना किणकिणलं. वाघचौरे साहेब तपासणीसाठी आले होते. नियमाप्रमाणे चित्राला त्याचं काम करून दाखवावं लागतं. त्यांनी खुर्ची ओढली, फाईल मांडीवर घेतली आणि चित्रासमोर बसले. चित्र काहीच करेना. मी मनात म्हटलं, संपलं. शहराची बस दीड तासाने होती. मावशी पिशवी भरून पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं की त्यांना काय वाटतंय. चित्राने ओठ किंचित पुढे आणले. मान डावीकडे कलली, काचा वाजल्या. हिरवे डोळे बारीक झाले.

“दिगू,” चित्र साहेबांना म्हणालं, मावशी म्हणतात तसंच, “मान सरळ. आणि ती फाईल खाली ठेव.”

वाघचौरे साहेबांनी तेवीस वर्षांत फाईल खाली ठेवली नव्हती. ती त्यांनी ठेवली. चित्राने जलरंग मागितले आणि साहेबांना काढलं, आणि मी पाहिलं की साहेब रडत नव्हते, पण त्यांचा चष्मा त्यांनी दोनदा पुसला. रजा मंजूर झाली. कुमुदिनी कासार यांची आणि, पेन्सिलचित्र तपासून, प्रज्ञा निकाळजे यांची. शिक्का मारून झाल्यावर साहेबांनी स्वतःच्या जलरंगी चित्राकडे पाहिलं, ते त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलं होतं. साहेब टोपी घालून बाहेर पडले. कुठे ते अर्थात कुणी विचारलं नाही.

प्रज्ञा मावशींचा हात धरून बसमध्ये चढली. तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा मी विभागाच्या दारात उभी होते. इथून पुढचं काम माझ्याकडे आहे. मी पेन्सिलची आहे. खरं म्हणजे आधीचंही मीच लिहिलं आहे, कारण विशेष बाबींचा वृत्तांत लिहिणं हे लिपिकाचं काम आहे आणि लिपिक रजेवर आहे. घडलेलं सगळं मला माहीत असण्याचं कारण असं, की ती बसल्या-बसल्या बोलत होती आणि मावशी ऐकत काढत होत्या.

एक नोंद करायला हवी. प्रज्ञाने हा वृत्तांत लिहिला असता तर तो असा झाला नसता. तिने हक्कांबद्दल लिहिलं असतं, आणि ते बरोबरच आहे, माझंही मत तेच आहे. पण तिचं मावशींवर किती लक्ष असतं, किंवा ती चिडून पायऱ्या उतरते तेव्हा खाली पोचेपर्यंत तिचा राग कसा निम्मा होतो, किंवा मावशींच्या घरी जाताना ती वाट वाकडी करून पेरू घेते, हे तिने लिहिलं नसतं. तिला ते माहीतही नसावं. मावशींना दिसत होतं. मी त्याचीच बनलेली आहे.

गावाचं नीट चाललं आहे. मावशींचं चित्र पहाटे किणकिणत बाहेर पडतं आणि बघत बसतं. त्याने नदी काढली, बोडका डोंगर काढला, दोघांना थोडी हिरवी झाक आली. हमीदभाई काढले, त्यांनाही आली. सगळंच चुड्याच्या काचेतून दिसतं म्हटल्यावर ते होणारच. तक्रार आली, पण जलरंगी वाघचौरे साहेब स्वभावाने मऊ आहेत, त्यांनी झाक चालवून घेतली. कडूनिंब पुन्हा काढला, त्याला आता भरपूर सावली आहे, म्हातारी मंडळी तिथेच असतात. दुकानाच्या जागी दुकान आहे. मी रोज जाताना भिंतीला हात लावून बघते.

शुक्रवारी विभागात फोन वाजला.

“कोण बोलतंय?” प्रज्ञाने विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

“हां. बरं. ऐक, ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढली. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या आठवड्यात करतो म्हणालेत, म्हणजे रजा वाढवून लागेल. करशील ना? कलम शोधत बसू नकोस.”

मी म्हटलं करते. मागून आवाज येत होता, मोठा, सारखा येऊन मोडणारा. ते काय आहे, असं मी विचारलं नाही.

“मावशी काय करताहेत?” एवढंच विचारलं.

“बसल्यात. मी वही, पेन्सिल, खडू, सगळं आणलं होतं गं. हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, आज नुसतं बघते. सकाळपासून नुसत्या बघताहेत. मधेच म्हणतात, हा निळा कुठे होता इतके दिवस.” मग ती थोडा वेळ काही बोलली नाही. तिला गप्प बसता येत नाही, म्हणून मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. “इथे किनाऱ्याला एक डोंगर आहे,” ती म्हणाली. “माथा बोडका. मावशींनी त्याला हात केला.”

मी रजावाढीचा कागद केला आणि साहेबांपुढे ठेवला. त्यांनी सही केली. सही थोडी ओघळली, पण वाचता येते.

आज दुपारी दारात काचा वाजल्या. मावशींचं चित्र आलं होतं. ते माझ्याकडे बघत उभं राहिलं, मग मान डावीकडे कलली. त्याला मला काढायचं आहे. भाताच्या पेजेने, गेरूच्या भिंतीवर. मी साहेबांना विचारलं, की चित्राचं चित्र निघालं तर रजा कुणाला. साहेबांनी नियम चाळले आणि म्हणाले की रजा कुणाला मिळू नये असं कुठेही लिहिलेलं दिसत नाही.

मी टेबल आवरलं आहे. आवक क्रमांक आजपर्यंतचे टाकून झाले आहेत. चहा पिणाऱ्या चित्राला सांगून ठेवलं आहे की नवीन येईल ती पेजेची असेल, तिच्यावर पाणी सांडू नकोस. मी कुठे जाणार हे त्याने विचारलं नाही.